खिडकीबाहेर काय दिसतंय?

जुलै २०१६. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधे मी दहा मीटर तांब्याची तार ताणली होती. सेक्रेटरी काकांना ती कपडे वाळत घालायची दोरी वाटायची आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नव्हतो. एकदा तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिच्यावर साडी वाळत घातली. नशीब, तेव्हा रेडिओ बंद होता.

तर, ती तार म्हणजे माझा अँटेना. तारेतून केबल खाली खोलीत रेडिओला, रेडिओतून दुसरी केबल लॅपटॉपला आणि लॅपटॉपवर ‘एफएलडिजी’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्या संध्याकाळी पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. पलीकडे स्लोव्हाकियातले एक आजोबा टाइप करत होते. इंग्रजी मोडकंतोडकं, बोटं हळू. एखादं अक्षर चुकायचं, पुसलं जायचं, पुन्हा उमटायचं. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, हवा सांगितली. मग त्यांनी विचारलं, ‘आत्ता तुझ्या विंडोतून काय दिसतंय?’

मी नीट वाचलंच नाही. ‘विंडो’ हा शब्द दिसला आणि बोट सवयीने एफ-५ वर गेलं. एफ-५ला मी आधीच एक मजकूर भरून ठेवला होता. एक बटण दाबलं, की तो आपोआप प्रसारित व्हायचा. माझा रेडिओ अमुक, अँटेना डायपोल, पॉवर २५ वॅट, प्रोसेसर तमुक, ऑपरेटिंग सिस्टीम विंडोज टेन.

बराच वेळ काही आलं नाही. मग अक्षरं उमटली : ‘ओके. नाइस विंडोज. ७३.’

७३ म्हणजे हॅम रेडिओच्या भाषेत ‘शुभेच्छा, येतो’. आजोबा गेले. सॉफ्टवेअरने वेळ, फ्रिक्वेन्सी, देश, सगळं इमानेइतबारे नोंदवून घेतलं. माझ्या यादीत स्लोव्हाकियाची भर पडली. आणि खिडकीबाहेर टेकडीवर ढग उतरला होता, समोरच्या गुलमोहराखाली भजीची गाडी लागली होती, एका छत्रीत तीन-तीन जण उभे होते. यातलं एक अक्षरही स्लोव्हाकियाला पोचलं नाही.

त्या दिवसापासून माझं एक ठाम मत झालंय आणि आज तेच तुमच्यापुढे मांडायचंय. सॉफ्टवेअरला सिग्नल शोधू द्या, अक्षरं ओळखू द्या, नोंदवही ठेवू द्या. पण बोलायचं काम त्याला देऊ नका. ते आपलं आपण करा, भले हळू करा, चुकत करा.

आधी, हे आहे तरी काय?

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, आपल्याला एक कॉलसाइन मिळतो आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर जगभरातल्या इतर लायसन्सधारकांशी बोलता येतं. काही जण माइकवर बोलतात, काही जण मोर्स कोड वाजवतात आणि काही जण टाइप करतात. एक जण आपल्या कीबोर्डवर टाइप करतो, दुसरा त्याच्या पडद्यावर वाचतो. मधे इंटरनेट नाही, सर्व्हर नाही, मोबाइलचा टॉवर नाही. तार आणि आकाश, बस.

काम कसं चालतं, तेही सोपं आहे. तुम्ही अक्षर टाइप केलं, की सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या साउंड कार्डातून एक शिट्टीसारखा आवाज काढतं. त्या आवाजाच्या लहरीत ठरावीक जागी उलटापालट केली जाते आणि त्यातच अक्षराची खूण असते. रेडिओ तो आवाज हवेत सोडतो. वर, साधारण शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर, सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. त्याला आयनोस्फिअर म्हणतात. तिथून सिग्नल वळून पुन्हा जमिनीकडे येतो आणि कुठल्या तरी दुसऱ्या देशात उतरतो. तिथल्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर त्या शिट्टीचं पुन्हा अक्षर करतं.

पडद्यावर एक वॉटरफॉल असतो. वरून खाली सरकत जाणारं निळसर-काळं चित्र आणि त्यात पिवळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक माणूस. रेघेवर क्लिक केलं, की त्याचं बोलणं वाचता येतं. या प्रकारच्या गप्पांसाठी सगळ्यांत जास्त वापरला गेलेला मोड म्हणजे पीएसके-३१. त्याचा सिग्नल इतका अरुंद असतो, की माइकवरच्या एका माणसाला जेवढी जागा लागते तेवढ्यात वीस-पंचवीस जण एकमेकांना धक्का न लावता गप्पा मारू शकतात. पॉवरही जुन्या पिवळ्या बल्बाइतकी, २०-२५ वॅट. तेवढ्यात पुणे ते युरोप.

शांत बसलेलंही दिसतं

पीएसके-३१ची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधले पीटर मार्टिनेझ यांनी १९९८च्या अखेरीस तो जगापुढे ठेवला. मूळ कल्पना पोलंडच्या पावेल यालोखा यांची. मार्टिनेझनी ती साध्या घरगुती कॉम्प्युटरवर गप्पांसाठी वापरता येईल अशी केली. पण गंमत पुढेच आहे. याच मार्टिनेझनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हौशी रेडिओत ‘अ‍ॅम्टॉर’ हा प्रकार आणला होता. त्यात चुका आपोआप दुरुस्त व्हायच्या. एखादा भाग नीट पोचला नाही तर पलीकडचं यंत्र तो पुन्हा मागायचं. म्हणजे बिनचूक निरोप कसा पाठवायचा, हे या माणसाला पुरेपूर माहीत होतं. तरीही वीसेक वर्षांनी त्यांनी केलेल्या नव्या मोडमध्ये, त्याच्या मूळ रूपात, चूक दुरुस्त करायची सोयच नव्हती!

का? कारण त्यांचं म्हणणं असं, की नवे मोड निरोप पोचवायला छान आहेत, पण समोरासमोर गप्पा मारायला नाहीत. दुरुस्तीसाठी दोन यंत्रांना सतत एकमेकांचा हात धरून राहावं लागतं. मग तिसरा माणूस सहज गप्पांत येऊ शकत नाही आणि बोलण्याची लय तुटते. गप्पांत एखादं अक्षर चुकलं तर काय बिघडतं? ‘पाऊस’च्या जागी ‘पाउस’ आलं तर आपल्याला कळतंच की.

वेगसुद्धा त्यांनी माणूस बघून ठरवला. सेकंदाला ३१.२५ खुणा. नावातला ३१ तिथून आला. या वेगाने मिनिटाला साधारण ५० शब्द जातात, म्हणजे बऱ्यापैकी टाइप करणाऱ्या माणसाचा वेग. यंत्राला याहून जास्त वेग जमला असता, पण गरज नव्हती.

आणि अक्षरांची रचना बघा. मोर्सप्रमाणेच इथेही जे अक्षर जास्त वापरात, त्याची खूण छोटी. इंग्रजीत सगळ्यांत जास्त येणाऱ्या लहान लिपीतल्या ‘ई’ला फक्त दोन खुणा लागतात. तोच ‘ई’ कॅपिटलमध्ये लिहिला तर सात! म्हणजे सगळं कॅपिटलमध्ये लिहून ओरडणारा माणूस इथे आपोआप हळू होतो. हा नियम सोशल मीडियावर आला असता तर किती बरं झालं असतं.

या अक्षरसंचात देवनागरी नाही. त्यामुळे मराठी माणसं भेटली, की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तशी रोमन लिपीतली मराठी सुरू होते. मला या छंदात ओढणारे नाशिकचे एक काका आहेत. त्यांच्याशी माझ्या गप्पा ४० मीटरच्या पट्ट्यावर व्हायच्या. कारण २० मीटरचा सिग्नल पुण्याहून युरोपला जातो, पण नाशिकच्या डोक्यावरून निघून जातो. काकांचा पहिला प्रश्न कायम एकच, ‘जेवलास का?’ रेडिओचं मॉडेल त्यांनी मला कधीही विचारलं नाही. माझं मॅक्रोचं वेड त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘बटणं दाबतोयस, की बोलतोयस?’

पीएसके-३१मध्ये एक गोष्ट आहे, जी तुमच्या फोनवरच्या कुठल्याच चॅटमध्ये नाही. तुम्ही प्रसारण सुरू केलंत आणि टाइप करता करता थांबलात, तर सिग्नल बंद होत नाही. तो चालूच राहतो आणि पलीकडच्या वॉटरफॉलवर दोन समांतर रेघा दिसतात, अगदी रेल्वेच्या रुळांसारख्या. याचा अर्थ, समोरचा आहे, गेलेला नाही, शब्द शोधतोय. एखादं अक्षर चुकून तुम्ही बॅकस्पेस दाबलात, तर ते बॅकस्पेससुद्धा हवेतून जातं. समोरच्याला चूक दिसते, मग पुसलेली दिसते. फोनवर आपण चार वेळा लिहून खोडतो आणि शेवटी ‘हम्म’ पाठवतो. इथे ती खाडाखोडही गप्पांचाच भाग.

मॅक्रो वाईट नाहीत, पण…

मग हे एफ-५ प्रकरण कुठून आलं? त्याला मॅक्रो म्हणतात. फंक्शन कीवर आधीच लिहून ठेवलेला मजकूर. पहिलं बटण म्हणजे ‘सीक्यू’, कुणी आहे का? दुसऱ्यावर उत्तर, तिसऱ्यावर नाव-गाव, चौथ्यावर सिग्नल रिपोर्ट, पाचव्यावर यंत्रसामग्री, सहाव्यावर निरोप. समोरच्याचा कॉलसाइन आणि नाव सॉफ्टवेअर स्वतःच योग्य जागी भरतं. सहा बटणं दाबली, की एक अख्खा कॉन्टॅक्ट पूर्ण. समोरचाही बहुधा सहा बटणंच दाबत असतो. त्याचं मशीन माझ्या मशीनला म्हणतं, ‘प्रिय मित्रा, तुझी ओळख झाल्याचा आनंद आहे.’ माझं मशीन म्हणतं, ‘मलाही.’ आणि आम्ही दोघं चहा पीत बसलेलो.

सगळ्यांनाच ५९९ हा रिपोर्ट. म्हणजे ‘तुझा सिग्नल एकदम झकास’. अर्धी अक्षरं गाळलेल्या, धापा टाकत आलेल्या सिग्नललाही ५९९. पुढच्याच ओळीत ‘कृपया नाव पुन्हा सांगा’. हा विनोद प्रत्येक हॅमने केलेला असतो. मीही.

मॅक्रोंची बाजूही ऐकून घ्यायला हवी. कॉलसाइन दर वेळी हाताने लिहिण्यात काही थोरपणा नाही, उलट चूक होते. ज्याला इंग्रजी येत नाही, अशा जपानच्या किंवा ब्राझीलच्या माणसाला चार तयार वाक्यांचा आधार असतो. ज्याची बोटं आता थरथरतात, त्याला मॅक्रोमुळेच हवेत येता येतं. स्पर्धा असते तेव्हा तर वेगच महत्त्वाचा. त्यामुळे मॅक्रो फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच, की दार उघडायला दिलेल्या किल्लीने आपण घरातली सगळी कामं उरकायला लागलो.

पुढची पायरी २०१७मध्ये आली. एफटी-८. तो करणाऱ्यांपैकी एक जो टेलर, १९९३मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ. दुसरे स्टीव्ह फ्रँकी. टेलर यांचं नोबेल एका जोड-पल्सारच्या शोधासाठी होतं. अंतराळातून येणारे अतिक्षीण सिग्नल गोंगाटातून वेचायचं ज्यांचं आयुष्यभराचं काम, त्यांनी तीच नजर हौशी रेडिओला दिली. परिणाम थक्क करणारा आहे. कानाला निव्वळ खरखर ऐकू येत असते आणि पडद्यावर चिलीच्या माणसाचा कॉलसाइन उमटतो. गच्चीवर जागा नाही, अँटेना बाल्कनीत वाकवून बसवलाय, शेजारच्या एलईडी दिव्यांचा गोंगाट आहे, अशा शहरी हॅमसाठी एफटी-८ हे वरदान आहे. मी स्वतः वापरतो.

पण त्याचा कॉन्टॅक्ट कसा असतो? पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या. माझा कॉलसाइन, तुझा कॉलसाइन, माझा नकाशावरचा चौकोन (पुण्याचा एमके-६८), सिग्नलचा आकडा, पोच, निरोप. दीडेक मिनिटात संपलं. एकदा क्लिक केलं, की पुढच्या पायऱ्या सॉफ्टवेअर स्वतःच चढतं. स्वतःचं काही लिहायचं असेल तर एका पाळीत तेरा अक्षरं. तेरा! ‘खिडकीबाहेर काय दिसतंय’ हे त्यात मावतसुद्धा नाही.

एफटी-८ने गप्पा मारल्याचा दावा कधी केलाच नव्हता. दोन स्टेशनं एकमेकांना ऐकू शकतात का, एवढाच प्रश्न त्याला सोडवायचा होता आणि तो त्याने उत्तम सोडवला. चूक आपली. आपण सगळेच्या सगळे तिकडे धावलो. २० मीटरच्या पट्ट्यावर पीएसके-३१ची वहिवाटीची जागा १४.०७० मेगाहर्ट्झ आणि एफटी-८ची १४.०७४. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी रोज बघत होतो. ०७०वरच्या रेघा विरळ होत गेल्या आणि ०७४वर पाय ठेवायला जागा नाही. चार किलोहर्ट्झचं अंतर. एक रस्ता ओलांडून सगळा बाजार पलीकडे गेल्यासारखं.

‘पण व्हॉट्सअ‍ॅप आहे ना!’

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. तुम्हीही मनात विचारला असेल. उत्तर सरळ आहे. निरोप पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच वापरा. रेडिओ त्याच्याशी स्पर्धा करत नाही.

पण फोनवर आपण कोणाशी बोलतो? ज्यांचे नंबर आहेत त्यांच्याशी. किंवा अल्गोरिदमने आपल्याला आवडतील म्हणून समोर आणलेल्यांशी. ०७०वर सीक्यू टाकल्यावर कोण येईल, हे माझ्या हातात नसतं. ते सूर्याच्या, वेळेच्या आणि नशिबाच्या हातात. कधी रशियातला ट्रकचालक, कधी इंडोनेशियातली शिक्षिका, कधी इटलीतला निवृत्त पोस्टमन. त्यांना माझे फोटो दिसत नाहीत, फॉलोअर्स दिसत नाहीत, मी दिसतो कसा हे माहीत नसतं. त्यांच्यापर्यंत पोचतात फक्त माझे शब्द. शिवाय हे सगळं उघड्यावर. आशय लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही, धंद्याचं बोलायचं नाही, हे इथले नियम. जगातला कोणीही तुमच्या गप्पा वाचत असू शकतो. अनोळखी माणसाशी, चार लोकांदेखत, सभ्यपणे पाच मिनिटं बोलता येणं, हे कौशल्य आपल्याला कॉलेजात कोणी शिकवतं का? मला तरी ०७०ने शिकवलं.

आणि मॅक्रोचा प्रश्न आता फक्त हॅम लोकांचा राहिलेला नाही. तुमच्या फोनवर मेसेज आला, की खाली तीन तयार उत्तरं येतात. ‘ओके’, ‘थँक्स’, अंगठा. वाढदिवसाला ‘एचबीडी’. कोणाचे आजोबा गेले तर ‘आरआयपी’. आता तर अख्खं पत्र लिहून द्यायला एआय तयार आहे. हे सगळे एफ-५च. मी ती चूक एका अनोळखी आजोबांशी केली म्हणून ती विनोदी वाटते. हीच चूक आपण आपल्या माणसांशी किती वेळा करतो, ते ज्याचं त्याने मोजावं.

वेळ आली की

‘छंदच तर आहे, कसाही करा,’ असंही कोणी म्हणेल. त्यांना २००४ची आठवण करून देतो. त्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचं पथक अंदमानला, पोर्ट ब्लेअरमध्ये होतं. अंदमानहून हौशी रेडिओ चालवायची परवानगी कित्येक वर्षांनी मिळाली होती. जगभरचे हॅम त्या कॉलसाइनसाठी टपून बसले होते. अशा मोहिमेत कॉन्टॅक्ट किती मोठा असतो? कॉलसाइन, ५९९, धन्यवाद, पुढचा. रांगच इतकी मोठी असते, की त्याहून जास्त बोलणं शक्य नसतं आणि कोणी अपेक्षाही करत नाही.

२६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली. फोन बंद पडले. आणि तोच रेडिओ, तीच माणसं, एका क्षणात वेगळ्या कामाला लागली. माझे वडील सुखरूप आहेत का, अमुक बेटावर काय स्थिती आहे, कोणाला काय हवंय. आता ५९९ म्हणून पुढे जाता येत नव्हतं. नीट ऐकायचं होतं, पुन्हा विचारायचं होतं, एकेक नाव बरोबर लिहून घ्यायचं होतं, पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा होता.

कोणता मोड वापरला, हा इथे मुद्दाच नाही. मुद्दा असा, की त्या पथकाला बोलता येत होतं. ज्याने आयुष्यात फक्त सहा बटणं दाबली आहेत, त्याच्याकडे त्या सकाळी सातवं बटण नसेल. संकटाच्या वेळी हॅम उपयोगी पडतात, असं आपण अभिमानाने सांगतो. पण त्याचा सराव संकटाच्या वेळी होत नाही. तो एरवीच्या, कंटाळवाण्या संध्याकाळी, हवा कशी आहे आणि खिडकीबाहेर काय दिसतंय, अशा बिनमहत्त्वाच्या गप्पांतच होतो.

करून बघायचंय?

सुरुवातीला रेडिओ विकत घ्यायची गरज नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा. तो इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ आहे. त्यावर १४.०७० मेगाहर्ट्झ लावा, यूएसबी मोड निवडा. (हा पेन ड्राइव्हवाला यूएसबी नव्हे. अपर साइडबँड.) आवाज फोनच्या स्पीकरवर सोडा आणि फोन लॅपटॉपच्या माइकजवळ ठेवा. लॅपटॉपवर एफएलडिजी सुरू करून बीपीएसके-३१ निवडा. वॉटरफॉलवर रेघ दिसली, की क्लिक करा. तिथला दिवस असताना बघा, म्हणजे रेघ सापडायची शक्यता जास्त. पहिलं अक्षर उमटेल तेव्हा अंगावर काटा येतो, हे अनुभवाने सांगतो.

बोलावंसं वाटलं, तर लायसन्स. बारा वर्षांवरील कोणालाही परीक्षा देता येते. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओचे नियम एवढाच अभ्यास. सुरुवातीच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्सची परीक्षा नाही. अर्जाची पद्धत आणि नियम बदलत असतात, म्हणून दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर आधी नीट वाचून घ्या. लायसन्स हातात येईपर्यंत प्रसारण करायचं नाही. हा गुन्हा आहे, गंमत नाही.

आणि एकदा हवेत आलात, की माझ्या चुकांमधून शिकलेल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. लॅपटॉपचा आवाज कमी ठेवा. तो जास्त चढवला तर तुमची अरुंद रेघ फाटून आजूबाजूच्या दहा जणांच्या गप्पांवर सांडते. मोठ्याने बोलल्याने लांब ऐकू जात नाही, शेजाऱ्यांना त्रास मात्र होतो. मॅक्रो फक्त सीक्यू, कॉलसाइन आणि निरोपासाठी ठेवा. समोरच्याने काय विचारलं, ते शेवटपर्यंत वाचा. आणि एक तरी प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर कुठल्याही बटणावर नसेल.

पीएसके-३१वर कोणी भेटलंच नाही तर जेएस-८कॉल आहे. जॉर्डन शेरर यांनी २०१८मध्ये एफटी-८चंच तंत्र घेऊन ते केलं, पण तेरा अक्षरांची अट काढून टाकली. क्षीण सिग्नलवरही हवं ते लिहिता येतं. वेग कमी, पण वाक्य पूर्ण होतं. म्हणजे यंत्र आणि गप्पा यांचं वैर नाहीच. फक्त कोणी तरी आठवणीने गप्पांसाठी जागा ठेवावी लागते.

त्या आजोबांचं कार्ड मला दीड वर्षाने टपालाने आलं. कॉन्टॅक्ट झाल्याची खूण म्हणून हॅम एकमेकांना असं कार्ड पाठवतात. तारीख बरोबर, वेळ माझ्या नोंदीशी जुळणारी, मोड पीएसके-३१, रिपोर्ट ५९९. सगळं अगदी बिनचूक. खाली सही. बाकी काही नाही.

पुढे ते मला पुन्हा कधी सापडले नाहीत. अजूनही संध्याकाळी ०७०वर एखादी रेघ दिसली, की मी आधी कॉलसाइन बघतो.

माझ्या एफ-५वर आता काहीच नाही. तो मजकूर मी काढून टाकलाय. सवयीने बोट तिथे गेलंच, तर काही होत नाही. मी गप्प आणि पलीकडे कुठल्या तरी पडद्यावर रेल्वेचे दोन रूळ सरकत राहतात. तिथल्या माणसाला कळतं, की हा आहे, गेलेला नाही. खिडकीकडे बघतोय.